आधी उंदीर पडतात, मग गाठी येतात: पिसवांमार्फत पसरणारा प्लेग आणि बीड जिल्ह्यातील मामला गावाची नोंद

उंदीर म्हटले की आपण नुकसानीचा हिशोब करतो. किती पोती कुरतडली, किती कणसे तोडली, बांधात किती बिळे झाली. हा लेख उंदराच्या अंगावरच्या पिसवांबद्दल आहे. प्लेग हा जीवाणूजन्य रोग उंदरांचा. पिसू या कीटकामार्फत तो माणसात येतो. आज त्यावर खात्रीची औषधे आहेत आणि भारतात तो क्वचितच आढळतो. पण जेव्हा आढळतो तेव्हा त्याची पहिली खूण दवाखान्यात नव्हे, कोठीत, गोठ्यात आणि कडब्याच्या गंजीखाली दिसते. ती खूण सर्वांत आधी तुमच्याच नजरेस पडते, म्हणून हा विषय शेतीच्या पानावर घेतला आहे.

मामला, १९९४

भारतात १९६६ नंतर माणसातील प्लेगची नोंद नव्हती. जवळजवळ अठ्ठावीस वर्षे रोग नाही म्हटल्यावर तो ओळखणारे डॉक्टर कमी झाले, उंदीर-पिसवांची पाहणीही सैल पडली. अशा वेळी १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावात घरांमधून मेलेले उंदीर सापडू लागले आणि पिसवांचा त्रास वाढल्याच्या तक्रारी आल्या. हा ऑगस्टचा पहिला आठवडा. ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ असलेले पहिले संशयित रुग्ण पुढे आले ते २६ ऑगस्टच्या सुमारास. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गाठीचा प्लेग हे निदान राज्याच्या आणि केंद्राच्या यंत्रणेपुढे आले होते.

यातले तीन आठवड्यांचे अंतर लक्षात ठेवा. हा योगायोग नाही, रोगाची चालच तशी आहे. पुढे ती सविस्तर पाहू.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग उघडकीस आला आणि लाखो लोकांनी शहर सोडले. त्यात महाराष्ट्रातून कामाला गेलेली कुटुंबेही होती. बीडचा रोग सुरतेला गेला असे तेव्हा बोलले गेले, परंतु दोन्ही उद्रेकांचा थेट धागा जोडणे धाडसाचे ठरेल. १८ ऑक्टोबरपर्यंत देशभरात ६९३ संशयित रुग्ण आणि ५६ मृत्यू नोंदले गेले. रुग्णांपैकी ४८८ महाराष्ट्रातले होते. मृत्यू मात्र प्रामुख्याने सुरतेत झाले, कारण फुफ्फुसाचा प्लेग माणसाकडून माणसाकडे खोकल्यातून जातो आणि पहिल्या दिवसभरात औषध मिळाले नाही तर हाताबाहेर जातो. गाठीच्या प्लेगमध्ये उपचाराला थोडी तरी सवड मिळते.

शेतकऱ्याला याची झळ दुसऱ्या बाजूनेही बसली. आखातातील काही देशांनी भारतीय अन्नमालाची आयात थांबवली, विमाने बंद झाली. ज्याच्या गावात एकही उंदीर मेला नव्हता त्याचाही माल अडकला. खेडेगावातली नोंद वेळेवर वर गेली नाही तर किंमत कोण मोजतो, याचे हे उदाहरण.

भूकंपाचा संबंध कितपत?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, गावेच्या गावे रिकामी झाली. पडक्या घरांत धान्य अडकून राहिले, मदतीचे धान्य आले तेही मिळेल त्या आडोशाला साठवले गेले. त्यामुळे उंदरांची संख्या वाढली, रानातले आणि घरातले उंदीर एकमेकांजवळ आले आणि रानात दबून राहिलेला रोग गावात शिरला, अशी मांडणी पुढे अनेकांनी केली.

माझे मत सांगतो. मामला भूकंपाच्या केंद्रापासून दूर आहे, त्यामुळे सगळे भूकंपावर ढकलणे सोपे असले तरी पुरेसे नाही. पण मांडणीतला शेतीचा भाग अगदी पटण्यासारखा आहे. न राखलेले धान्य, माणसांचा वावर नसलेले घर आणि एक पावसाळा एवढे मिळाले की घरच्या उंदराची पैदास कुठल्या कुठे जाते. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्ले तीन-चार महिन्यांत पुन्हा माजावर येतात. त्यासाठी भूकंपच व्हायला हवा असे नाही. ऊसतोडीला सहा महिने घर बंद करून गेलेले कुटुंब, वाटणीच्या वादात कुलूप लागलेला वाडा, त्यातले जुने बळद आणि तळाशी राहिलेली ज्वारी. बीड जिल्ह्याला हे चित्र नवीन नाही.

रोग चालतो कसा

प्लेगच्या जीवाणूचा कायमचा मुक्काम रानातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत असतो. आपल्याकडे पडीक रानात आणि बांधात बिळे करणारा, लांब शेपटीचा जर्बिल हा त्यातला मुख्य. तो या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही. रोग अंगावर बाळगतो आणि जगतो. त्याच्या पिसवा शेतातल्या घुशींवर आणि उंदरांवर जातात, तिथून घरच्या काळ्या उंदरावर. घरचा उंदीर मात्र नाजूक. तो पटापट मरतो. म्हणून घरात उंदीर पडू लागणे ही धोक्याची घंटा आहे.

पिसू जिवंत, उबदार अंगावर राहते. उंदीर मेला आणि थंड पडला की ती उतरते आणि दुसरा उंदीर शोधते. गावातले बहुतेक उंदीर मरेपर्यंत तिला उंदीर मिळत राहतो. ते संपले की ती माणसाला चावते. जीवाणू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी वाढून तिथे बोळा बसतो, रक्त आत जात नाही. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जीवाणू उलटून जखमेत सोडते. चाव्यानंतर साधारण दोन ते सात दिवसांत थंडी वाजून ताप येतो आणि चाव्याच्या जवळची गाठ सुजते. पाय उघडे असल्याने बहुधा जांघेतली. आता वरचे तीन आठवडे मोजा: उंदरांत रोग पसरण्याचे दिवस, पिसवांच्या उपाशीपणाचे दिवस आणि माणसात रोग दिसण्याचे दिवस. बेरीज जुळते.

फार कडक ऊन आणि कोरडी हवा पिसवेला मानवत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंतचा काळ तिला सोयीचा. मातीच्या जमिनीच्या फटीत, पोत्यांखालच्या धुळीत ती अंडी घालते आणि अळ्या तिथल्याच कचऱ्यावर वाढतात. सारवलेली, झाडलेली जमीन आणि महिनोन्महिने न हलवलेली थप्पी यांत पिसवेच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मुंबईने शिकवलेले

नवी मुंबईत राहणाऱ्याला वाशीचा घाऊक धान्यबाजार परका नाही. हा बाजार इथे आला तो जुन्या मुंबईतील मांडवी-मशीद बंदर भागातून. आणि १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईतला प्लेग डॉ. ए. जी. व्हिएगस यांनी प्रथम ओळखला तो याच मांडवीत, बंदराजवळच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत. धान्य जिथे थप्पीने राहते तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे पिसू. बाजाराची जागा बदलली तरी हा नियम बदलत नाही.

पुढील वर्षी जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी स्वतःच्या अंगावर लस टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना रोग जडून त्यांचे निधन झाले. पिसवेचा हात मात्र १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवला, आणि त्यावर बरीच वर्षे कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत प्लेग आयोगाने केलेला प्रयोग इतका साधा आहे की तो प्रत्येक शेतकऱ्याला सांगावा असे मला वाटते. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग पिंजऱ्यात ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग रोगाने मेले. दोन फुटांवर टांगलेले वाचले. हवा तीच, घर तेच. फरक फक्त पिसवेच्या उडीचा.

त्या काळातला दुसरा धडा कडू आहे. पुण्यात सैनिकांकरवी घरे तपासली, माणसे ओढून नेली, सामान जाळले. लोकांनी रुग्ण लपवले, प्रेते लपवली. जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला तो याच संतापातून. गावात तपासणीला जाणाऱ्या प्रत्येकाने हे आठवावे. दंडुका घेऊन गेलात तर मेलेला उंदीर उकिरड्यात पुरला जाईल आणि तुम्हाला दिसणार नाही.

गावात उंदीर मरताहेत: तपास कसा करावा

निदान करणे हे आरोग्य विभागाचे काम. पण पहिल्या दोन दिवसांत कृषी सहायक, ग्रामसेवक, आशाताई आणि शेतकरी मिळून जी माहिती गोळा करतात तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ‘उंदीर मेले’ एवढे सांगून भागत नाही.

सर्वांत आधी विचारायचे ते हे की विष टाकले होते का? आणि केवळ त्या घरी नव्हे, शेजारी, किराणा दुकानात, गिरणीत, शाळेच्या खिचडीच्या कोठीतही. आपल्या खेड्यात उंदीर मरण्याचे सर्वांत सामान्य कारण कोणीतरी टाकलेले आमिष हेच आहे. झिंक फॉस्फाईडने उंदीर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मरतात, आमिषाच्या आसपास सापडतात आणि एक-दोन दिवसांत प्रकार थांबतो. ब्रोमाडिओलोनसारख्या रक्त न गोठू देणाऱ्या विषाने तीन ते सात दिवसांनी मरतात, तेही एकाच भागात. पुराचे पाणी बिळात शिरले तर उंदीर बाहेर येतात, बुडून मरतात, पण माळवदाच्या कोरड्या घरात मरत नाहीत. यातले काहीच लागू पडत नसेल, मरतुक आठवडाभर चालू असेल, एका आळीतून दुसऱ्या आळीत सरकत असेल आणि दिवसाढवळ्या उंदीर झिंगल्यासारखे अंगणात येऊन पडत असतील, तर थांबू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

कळवताना वहीत तारीखवार नोंद असावी. कोणत्या घरी, कोणत्या तारखेला, किती उंदीर, घरात की गोठ्यात की शेतात, घरचा उंदीर की घूस. शक्य असेल तर गावाचा हाताने नकाशा काढून त्यावर तारखा घाला. असा नकाशा पाहिला की मरतुक कुठून सुरू झाली आणि कोणत्या दिशेने चालली आहे ते उघड होते, आणि बहुतेक वेळा सुरुवातीच्या टोकाला एखादी बंद कोठी किंवा जुनी गंजी सापडते. पिसवा वाढल्या आहेत का हेही विचारा. बायका हे आधी सांगतात, कारण पहाटे झाडताना घोट्याला चावे त्यांनाच बसतात. गोचीड आणि पिसू यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. गोचीड चिकटून बसते, पिसू उडी मारते.

मग माणसे. गेल्या महिनाभरात थंडीताप कोणाला आला, गाठ कोणाला आली, गाठ दुखरी होती का, खोकल्यात रक्त आले का, कोण गाव सोडून पाहुण्यांकडे गेले. शेवटचा प्रश्न संकोचाचा आहे, तरी विचारायलाच हवा.

पुढचे काम तज्ज्ञ पथक करते. जिवंत उंदीर पिंजऱ्यात पकडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा विंचरून मोजल्या जातात. उंदरामागे उंदीर-पिसूची सरासरी एकाच्या वर गेली तर धोका मानतात. गावातल्या कुत्र्यांचे रक्त तपासणे ही पद्धतही उपयोगी ठरते. कुत्रा उंदीर खातो, फारसा आजारी पडत नाही, पण त्याच्या रक्तात रोगाची साक्ष राहते. माणसाच्या गाठीतला द्रव औषध सुरू करण्याआधी घेतला तर जीवाणू हाती लागण्याची शक्यता चांगली असते. १९९४ मध्ये इथेच कमी पडले अशी टीका झाली आणि हा प्लेगच होता का यावर बराच काळ वाद चालला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्लेगचा निष्कर्ष दिला आणि नंतर जनुकीय तपासणीतही जीवाणू प्लेगचाच असल्याचे दिसले. नमुन्यासाठी उपचार लांबवावा असा याचा अर्थ कोणीही काढू नये. नमुना घेतल्या घेतल्या, निकालाची वाट न पाहता औषध सुरू होते.

आमिष नको, आधी पिसू

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. कारण नसताना उंदीर मरत असतील तर विषारी आमिष टाकू नका. शेतीच्या सवयीने आपला हात आधी विषाकडे जातो आणि नेमके तेच चुकते. उंदीर एकदम मेले की त्यांच्या अंगावरच्या शेकडो पिसवा एकाच रात्री बेघर होतात आणि माणसाकडे वळतात. आधी बिळांच्या तोंडाशी, उंदरांच्या वाटांवर आणि घराच्या जमिनीवर कीटकनाशकाची भुकटी मारून पिसवा मारायच्या, त्या कमी झाल्याची खात्री करायची आणि त्यानंतर उंदीर. कोणती भुकटी आणि किती हे आरोग्य विभागाचे पथक ठरवते, कारण पिसवांत काही जुन्या औषधांना प्रतिकार आलेला आहे. कपाशीवरचे उरलेले औषध घरात मारणे हा उपाय नव्हे, विषबाधेला आमंत्रण आहे.

मेलेल्या उंदराला हात लावू नका, शेपटीला धरूनही नको. पथक येणार असेल तर उंदीर तसाच झाकून मुलांना, कुत्र्या-मांजरांना दूर ठेवा. उशीर होणार असेल तर लांब चिमट्याने उचलून, जाड पिशवीत बंद करून खोल पुरा किंवा जाळा. मांजराला हा रोग होतो, म्हणून त्या दिवसांत आजारी मांजर मांडीवर घेऊ नये. खाटेवर झोपावे, जमिनीवर नको. दोन फुटांचा प्रयोग आठवत असेलच.

एरवीचे उंदीर नियंत्रण

रोगाची शंका नसताना, नेहमीच्या नियंत्रणासाठी, गावाने एकत्र येऊन काम केले तरच उपयोग होतो. एकट्याने केले तर आठवड्यात शेजारचे उंदीर येतात. संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत बिळे. आमिष तिथेच. झिंक फॉस्फाईड वापरताना दोन दिवस विषाशिवाय तेल लावलेली भरड टाकून उंदरांची भीड मोडावी लागते, मग ९६ भाग भरड, २ भाग खाद्यतेल आणि २ भाग झिंक फॉस्फाईड असे काठीने कालवून सुमारे १० ग्रॅम प्रत्येक जिवंत बिळात. यावर उतारा नाही, म्हणून हे शेतात, घरात कधीच नाही. वाचलेल्या उंदरांसाठी पुढे ०.००५ टक्के ब्रोमाडिओलोन, बिळामागे १५ ग्रॅम. वेळ पेरणीआधीची आणि पीक पोटरीत येण्याआधीची. रानात खायला भरपूर असताना आमिषाला उंदीर विचारत नाही.

साठवणीत थोडा खर्च करा. पत्र्याची कोठी जमिनीपासून अडीच फूट उंच चौथऱ्यावर ठेवली, पायऱ्या चौथऱ्याला न जोडता सोडल्या आणि दाराखाली पत्रा मारला तर विषाची गरजच निम्म्यावर येते. कणगी वापरत असाल तर दर वर्षी रिकामी करून, उन्हात तापवून, शेणमातीने पुन्हा लिंपा. पोती भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून, लाकडी फळ्यांवर रचा. थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये झाडू फिरला पाहिजे, एवढा साधा नियम. कडब्याची गंजी घराला खेटून नको. आणि बाहेरगावी जाताना कोठीच्या तळाशी मूठभरही धान्य सोडू नका.

स्क्रब टायफस वेगळा

विदर्भात, विशेषतः २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात, स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले तेव्हा काही गावांत प्लेगची अफवा उठली तर नवल नाही. तोही जीवाणूजन्य, त्यातही उंदीर आहेत, पण वाहक पिसू नव्हे. पिकावरच्या लाल कोळ्याचा दूरचा नातलग असलेल्या एका माइटची बारीक अळी गवत-झुडपांतून अंगावर चढते. उंदीर पडत नाहीत. अंगावर सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा, न दुखणारा डाग कित्येकांत दिसतो. गवत कापणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, कामानंतर आंघोळ करून कपडे बदलावेत. ताप आला तर डॉक्टरांना ‘मी गवतात काम करतो’ हे न विचारता सांगावे.

प्लेगच्या बाबतीतही डॉक्टरांना सांगायचे वाक्य ठरलेले असावे. ‘ताप आहे, गाठ आहे आणि पंधरा दिवसांपूर्वी घरात उंदीर मेले होते.’ १९९४ नंतरही भारतात हा रोग दोनदा आला, २००२ मध्ये हिमाचलच्या शिमला जिल्ह्यात हाटकोटीजवळ आणि २००४ मध्ये उत्तरकाशीच्या डांगुड गावात. दोन्ही डोंगराळ, लहान वस्त्या. औषधे साधी आणि स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात मिळतात. उपचार न झाल्यास गाठीच्या प्लेगमध्ये शंभरातले तीस ते साठ रुग्ण दगावतात, म्हणून घरगुती लेप लावून गाठ पिकण्याची वाट पाहू नये. गाठ चिरू नये. घरातल्या इतरांना प्रतिबंधक औषध द्यायचे का, हे आरोग्य केंद्रातले डॉक्टर त्याच भेटीत सांगतील. जाताना तारखांची ती वही सोबत न्या.